अज्ञान वारसांच्या कैवारी

सोराबजींच्या घरी एक श्रीमंत गुजराती विधवा रडत आली, तेव्हा कॉर्नेलिया लहान होती. त्या बाईंचा सारा कारभार ज्याच्या हाती होता, त्यानेच कागदावर निशाणी घेऊन त्यांची मालमत्ता बळकावली होती. कॉर्नेलियाची आई फ्रान्सिना हिने बाईंचे सांत्वन केले. पण कायद्याच्या दृष्टीने फार उशीर झाला होता. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिकावा लागेल, असे आईने मुलीला समजावले. पुढील आयुष्याची दिशा तेथेच ठरली, असे कॉर्नेलिया सोराबजी यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींवरून दिसते.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, आई पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवणारी. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. अंतिम परीक्षेत त्या कॉलेजात पहिल्या आल्या. विलायतेत शिकण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती गुणांनुसार त्यांनाच मिळायला हवी होती; परंतु उमेदवार स्त्री आहे एवढ्या एकाच कारणाने ती नाकारण्यात आली. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये विद्यापीठाच्या खास ठरावाने त्यांना बी.सी.एल.च्या परीक्षेस बसू दिले गेले. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र स्त्रियांना देण्याची प्रथाच नव्हती. ती हाती पडायला १९२२ साल उजाडले!

१८९३ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि काठेवाडातील संस्थानांच्या वाटेला लागल्या. पोलिटिकल एजंटच्या न्यायालयात खास परवानगीने त्या पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडू लागल्या. इंग्रजी मुलखातील न्यायालयांची दारे मात्र बंदच होती. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा झाली, तरी सनद नाही. वकील असूनही वकील नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत त्यांनी अनेक अशिलांची कामे केली, कित्येकदा एक पैही न घेता.

त्यांच्या अशिलांची अडचण समजून घ्यायची तर त्या काळची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. जमीनदार वारला आणि मागे विधवा किंवा अज्ञान वारस उरला, की इस्टेट ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’च्या ताब्यात जाई. बंगालमध्ये त्यासाठी १८७९ चा कायदा होता. इतरांना अठराव्या वर्षी सज्ञानता मिळे. या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागे. तोवर वसुली, खर्च, मुलाचे शिक्षण हे सारे सरकार पाही. सरकार म्हणजे कलेक्टर, आणि कलेक्टर म्हणजे पुरुष. त्याला अंतःपुरात प्रवेश नव्हता आणि आतल्या बाईला बाहेर येता येत नव्हते. मधे राहिला मॅनेजर किंवा एखादा नातलग. पडद्याआडून बोलणारी बाई खरोखर तीच आहे काय, कागदावरील मजकूर तिला कोणी वाचून दाखवला काय, याची खात्री कोणी करायची? पडदानशीन स्त्रीने केलेला दस्तऐवज तिला नीट समजला होता हे सिद्ध झाल्यावाचून तो तिच्यावर बंधनकारक धरू नये, असे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले होते. पण हे तत्त्व आहे, हेच तिला ठाऊक नसे.

आणि मूल? ते तर या साऱ्याच्या केंद्रस्थानी असूनही सर्वांत मुके. त्याच्या नावावर गावे असत. त्याच्यानंतरचा वारस कधी त्याच घरात राहत असे. लहानग्या वारसांवर विषप्रयोगाची भीती हा त्यांच्या आठवणींतील वारंवार येणारा विषय आहे.

१९०२ पासून कॉर्नेलिया यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे एकच मागणी लावून धरली : स्त्रिया व अज्ञान मुले यांच्यासाठी सरकारने स्त्री कायदा सल्लागार नेमावा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर त्यांची नेमणूक झाली. १९०७ पर्यंत बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसाम इतका विस्तीर्ण मुलूख त्यांच्याकडे आला. आगगाडी, होडी, पालखी, प्रसंगी हत्ती, जे मिळेल त्याने त्या आडवाटेच्या वाड्यांवर पोहोचत. काम कागदोपत्री हिशेब तपासण्याचे. प्रत्यक्षात मुलाची प्रकृती पाहणे, त्याच्या शिक्षणाची सोय लावणे, सासू-सुनांचे, सवतींचे तंटे मिटवणे, आणि कलेक्टरला पटेल अशा भाषेत अहवाल लिहिणे. हे शेवटचे काम बहुधा सर्वांत कठीण असावे. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी साहाय्य केले. १९०९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना १९२१ मध्ये वकील म्हणून दाखल करून घेतले, तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या घरात होते. पुढे लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन त्या कलकत्त्यास वकिलीसाठी आल्या. परंतु युक्तिवादाची संधी क्वचितच मिळे; कामे येत ती लेखी अभिप्राय देण्याची. १९२९ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली.

त्यांचे राजकारण मात्र देशबांधवांना मानवणारे नव्हते. इंग्रजी राज्यावर त्यांची निष्ठा होती, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ गाजले, तेव्हा त्यांनी मेयोंची पाठराखण केली आणि उरलासुरला लोकादरही गमावला. ज्या सरकारी यंत्रणेने त्यांना वाड्यांचे दार उघडून दिले, तिच्यापलीकडे त्यांना पाहता आले नाही, हे मान्यच करावे लागते. मराठी वाचकांनाही नाशिकची ही कन्या अपरिचित राहिली, त्यामागे हेही एक कारण असावे. भगिनी सूझी यांचे नाव निदान पुण्यातील सेंट हेलेनाज शाळेमुळे टिकून राहिले.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली होती. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असतानाही लिंकन्स इनमधील बिऱ्हाड त्यांनी सोडले नाही. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. त्यांच्या दैनंदिन्या आणि पत्रे ब्रिटिश लायब्ररीत जतन करून ठेवलेली आहेत.