मेलबर्नची चित्रकर्ती जॉर्जियाना मॅक्रे

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील वसाहतीस अवघी सहा वर्षे झाली होती. १ मार्च १८४१ रोजी 'आर्गाईल' जहाजातून चार मुलांसह जॉर्जियाना मॅक्रे तेथे उतरल्या. पती अँड्र्यू हे वकील. ते आधीच पुढे गेले होते.

त्यांचा जन्म १५ मार्च १८०४ रोजी लंडन येथे झाला. पुढे गॉर्डनचे ड्यूक झालेल्या सरदाराची ही विवाहबाह्य कन्या. तथापि पित्याने तिला आपली मानले व उत्तम शिक्षण दिले. जॉन ग्लोव्हर व जॉन व्हार्ली यांच्याकडे त्या चित्रकला आणि चार्ल्स हेटर यांच्याकडे लघुचित्रे शिकल्या. सोळा-सतराव्या वर्षीच त्यांना रौप्यपदक मिळाले. गॉर्डन कॅसल येथे राहत असता पेरिको गॉर्डन या तरुणाशी त्यांचे मन जुळले. पण तो कॅथलिक, या प्रॉटेस्टंट; विवाह होऊ दिला गेला नाही. पंथभेदाची ही भिंत आपल्यालाही अपरिचित नाही. त्यानंतर एडिंबरो येथे व्यक्तिचित्रे काढून त्यांनी स्वतःची मिळकत केली, आणि १८३० साली अँड्र्यूंशी विवाह झाला.

मेलबर्नमध्ये यारा नदीकाठी त्यांनी स्वतः आराखडा काढून 'मेफील्ड' हे घर बांधविले. लवकरच आर्थिक मंदी आली व घरात ओढाताण सुरू झाली. ज्या हातांनी पूर्वी पैसा मिळविला होता ते हात घरातच होते. परंतु सभ्य घराण्यातील स्त्रीने मोबदला घेऊन चित्रे काढणे सासरच्या मंडळींस पसंत पडले नाही. जॉर्जियानांनी ते ऐकले. हा त्यांचा समंजसपणा म्हणून गौरवण्यास माझे मन धजत नाही; तो अन्यायच होता. चित्रे मात्र थांबली नाहीत. मुलांची, स्नेह्यांची, तेथील मूळ रहिवासी बुनुरोंग लोकांची चित्रे त्या काढीत राहिल्या. वसाहतीचे प्रमुख अधिकारी ला ट्रोब त्यांचे स्नेही होते. ते मोरावियन मंडळीतील घराण्याचे असून स्वतःही हौशी चित्रकार होते.

१८४५ साली कुटुंब समुद्राकाठी आर्थर्स सीट येथे राहावयास गेले. फळ्यांच्या भिंतींचे ते घरही जॉर्जियानांच्याच आराखड्याचे. आजारी माणसे, मग ती गोरी असोत वा बुनुरोंग, औषधासाठी त्यांच्याकडे येत. १८५१ साली तेही सोडावे लागले.

सावत्र आई डचेस एलिझाबेथ धर्मनिष्ठेबद्दल नावाजलेली होती. तिच्याकडून वारसा मिळेल ही आशा त्यांनी वर्षानुवर्षे बाळगली होती. १८६४ साली डचेस वारली. जॉर्जियानांसाठी तिने काहीही ठेवले नव्हते.

२४ मे १८९० रोजी त्या मृत्यू पावल्या. त्यांची दैनंदिनी १९३४ साली त्यांचे नातू, कवी ह्यू मॅक्रे यांनी प्रसिद्ध केली. आर्थर्स सीटचे ते फळ्यांचे घर अद्याप उभे आहे.