थोर नेते मार्टिन ल्यूथर किंग

मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेत अटलांटा शहरात झाला. ते काळ्या वर्णाचे होते. लहानपणी त्यांचा एक गोरा मित्र होता. दोघे रोज खेळायचे. पण तिथे गोऱ्यांची शाळा वेगळी नि काळ्यांची वेगळी. दोघे शाळेत जाऊ लागले, तेव्हा मित्राच्या वडिलांनी त्याला मार्टिनबरोबर खेळायला मनाई केली. मार्टिनला फार वाईट वाटले.

मोठेपणी ते माँटगोमेरी शहरात धर्मगुरू झाले. तिथे बसमध्ये काळ्या लोकांना मागे बसावे लागे. गोऱ्यांना जागा कमी पडली तर उठावे पण लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाच्या बाई उठल्याच नाहीत. पोलिसांनी त्यांना पकडले. मग किंग पुढारी झाले. काळे लोक ३८१ दिवस बसमध्ये चढलेच नाहीत. कामाला पायी जायचे. किंग यांच्या घरावर बाँब टाकला, तरी त्यांनी कुणाला हात उचलू दिला नाही. शेवटी १९५६ साली कोर्टाने तो नियम रद्द केला.

ते गांधीजींना फार मानत. १९५९ साली ते भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरात त्यांना गोळी घालून मारले. त्या जागी आता संग्रहालय आहे. दर जानेवारीत अमेरिकेत त्यांच्या नावाची सुट्टी असते.

मला त्यांच्या मित्राची गोष्ट सारखी आठवते. मी कुणालाच खेळातून काढणार नाही.

– इयत्ता ४ थी