वाल्डेमार हाफकिन व प्लेगची लस

मुंबईस परळ भागांत हाफकिन संस्था या नांवाची एक जुनी व प्रशस्त वास्तु आहे. लशी, सर्पविषावरील औषध व रोगांचें संशोधन यांच्या संबंधानें तिचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु हें नांव कोणाचें, तो पुरुष कोठून आला, त्यानें या देशासाठीं काय केलें आणि त्याबद्दल त्याच्या पदरीं काय पडलें, असें विचारलें असतां आमच्या वर्गांतील हुशार मुलेंहि गप्प बसतात. म्हणून त्या थोर पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं, त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतील व आजच्या युक्रेन देशांतील ओडेसा शहरीं, एका यहुदी कुटुंबांत झाला. ओडेसाच्या विद्यापीठांत त्यांस मेचनिकॉफ हे प्राणिशास्त्राचे विख्यात अध्यापक गुरु म्हणून लाभले. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकतात हें जगास दाखवून देणारे ते हेच. त्या काळीं रशियांत यहुदी लोकांवर वारंवार हल्ले होत. आपल्या लोकांच्या रक्षणार्थ जे तरुण उभे राहिले त्यांत हाफकिन होते, व त्यापायीं त्यांस अटकहि सोसावी लागली. पुढें विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळण्याचा योग आला, तेव्हां आपला धर्म सोडून राजाचा धर्म स्वीकारावा अशी अट पुढें आली. हाफकिन यांनीं ती मानली नाहीं, व जागेवर पाणी सोडलें. त्यांचा धर्म व आमचा धर्म भिन्न. तथापि भाकरीसाठीं श्रद्धेचा सौदा न करणाऱ्या मनुष्यापुढें कोणत्याहि धर्माच्या मनुष्यानें नम्र व्हावें असें आम्हांस वाटतें.

१८८८ सालीं त्यांनीं मायदेश सोडला. कांहीं काळ जिनीव्हा येथें शिकवून ते १८८९ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आले. त्यांचे गुरु मेचनिकॉफ तेथें आधींच येऊन पोंचले होते. हाफकिन यांस मात्र प्रयोगशाळेंत जागा मिळाली नाहीं. मिळाली ती ग्रंथालयांत. त्यांनीं ती आनंदानें पतकरली आणि पुस्तकांचें काम आटोपून उरलेला वेळ सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं घालविला. शत्रु पूर्ण बळानें चालून येण्यापूर्वीं त्याचें दुबळें केलेलें रूप शरीरास दाखवावें, म्हणजे शरीर लढण्याची तयारी आधींच करून ठेवतें, हें तत्त्व पाश्चर यांनीं प्रस्थापित केलें होतें. तेंच हाफकिन यांनीं पटकीच्या जंतूस लावलें. पहिली टोंचणी दुबळ्या जंतूंची व दुसरी प्रखर जंतूंची, असा त्यांचा क्रम होता. जनावरांवर यश आलें. पण मनुष्यावर प्रथम प्रयोग कोणावर करावा? १८ जुलै १८९२ रोजीं त्यांनीं ती लस स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, आणि कांहीं दिवसांत दोन्हीहि ओसरल्या. त्या वेळीं त्यांचें वय ३२ वर्षांचें होतें.

पटकीचें माहेरघर म्हणजे बंगाल. म्हणून हाफकिन १८९३ सालीं कलकत्त्यास आले. एका परक्या मनुष्यानें सुई टोंचून अंगांत कांहीं तरी घालावें, याची लोकांस भीति वाटे व संशयहि येई. त्यांची समजूत पटावी म्हणून हाफकिन व त्यांचे सहकारी, ज्यांत हिंदी डॉक्टरहि होते, लोकांदेखत प्रथम स्वतः टोंचून घेत. १८९४ सालीं कलकत्त्याच्या कट्टल बागान या गरीब वस्तींत पटकी उद्भवली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकीं ११६ जणांनीं लस घेतली. त्यानंतर वस्तींत १० जणांस पटकी होऊन ७ जण मेले. ते दहाहि जण लस न घेतलेल्यांपैकीं होते. या आंकड्यांनीं जें काम केलें तें शंभर व्याख्यानांनीं झालें नसतें. चहाच्या मळ्यांतून, पलटणींतून व तुरुंगांतून फिरत त्यांनीं सुमारे ४२ हजार माणसांस लस टोंचली. शेवटीं हिंवतापानें शरीर खंगल्यामुळें १८९५ सालीं त्यांस यूरोपांत परतावें लागलें. प्रकृति सुधारतांच ते पुन्हां आले.

इतक्यांत मुंबईवर निराळेंच संकट कोसळलें. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांस गांठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळले. कांख, जांघ वा मान येथें गांठ उठावी, ताप चढावा आणि थोड्याच दिवसांत मनुष्य दगावावा, असा हा भयंकर रोग. लाखों लोक शहर सोडून निघून गेले व रोगहि त्यांच्याबरोबर गांवोगांव पोंचला. पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवला. घरांची झडती, रोग्यांस बळानें हलविणें, सामान जाळणें, अशा सरकारी उपायांनीं लोक इतके चिडले कीं, त्याच वर्षीं जून महिन्यांत पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांजवर गोळ्या झाडण्यांत आल्या. भय, शोक व अविश्वास यांनीं भरलेल्या या वातावरणांत हाफकिन यांस काम करावयाचें होतें.

१८९६ च्या ऑक्टोबर महिन्यांत ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढें साहित्य मिळालें. प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन या शास्त्रज्ञानें शोधून काढला होता. त्याची लस मात्र कोणाजवळ नव्हती. हाफकिन यांनीं मांसाच्या रशांत जंतु वाढविण्यास आरंभ केला. या रशावर ते साजूक तुपाचे थेंब सोडीत. त्या तरंगणाऱ्या थेंबांस धरून जंतूंच्या वाढीचे धागे, गुहेच्या छतास लोंबणाऱ्या चुनखडीच्या कांड्यांसारखे, खालीं उतरत. लोकांच्या धर्मभावनांस धक्का लागूं नये म्हणून गाईचें वा डुकराचें मांस टाळून बकऱ्याचें मांस वापरण्याची काळजी त्यांनीं घेतली. मग ते जंतु उष्णता देऊन मारीत व तो द्रव कार्बोलिक ॲसिड घालून टिकाऊ करीत.

या कामांत दिवस व रात्र यांचा भेद राहिला नाहीं. त्यांचा एक साहाय्यक श्रमानें खचून गेला, दोघे काम सोडून गेले. तरी अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती पुन्हां प्रथम स्वतःच टोंचून घेतली. तीहि पुढें इतरांस देण्यांत आलेल्या मात्रेहून पुष्कळ अधिक. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनीं लस घेण्याचें कबूल केलें. तुरुंगांतील मनुष्याची संमति कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज विचारला जातो व तो योग्यच आहे. परिणाम मात्र असा दिसला: लस न घेतलेल्यांपैकीं १२ जण आजारी पडून ६ मेले, लस घेतलेल्यांत, टोंचणीच्या वेळींच ज्यांच्या अंगांत रोग शिरलेला होता ते वगळतां, दोघे आजारी पडले व दोघेहि वांचले. लस पूर्ण अभय देत नव्हती; पण मरणाचें प्रमाण पुष्कळच कमी करीत होती.

यानंतर आगाखान यांनीं आपली वास्तु प्रयोगशाळेसाठीं दिली व त्यांच्या सांगण्यावरून खोजा समाजाच्या हजारों लोकांनीं लस घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें प्लेग प्रयोगशाळेची स्थापना झाली. याच बंगल्यांत १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें वारल्या होत्या. जेथें रोगानें राजवाड्यालाहि सोडलें नाहीं, तेथेंच रोगाशीं झुंजण्याचें ठाणें उभें राहिलें.

आतां या चरित्रांतील दुःखाच्या भागाकडे वळूं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल नांवाच्या खेड्यांत १०७ लोकांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण कांहीं दिवसांनीं धनुर्वातानें मरण पावले. ते सर्व एकाच बाटलींतून लस घेतलेले होते. बाटली परळहून आलेली, म्हणून दोष परळचा, आणि परळचे मुख्य हाफकिन, असा सरळ हिशेब मांडला गेला. उत्पादन लवकर व्हावें म्हणून त्यांनीं कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भर दिला होता, तेंहि त्यांच्या विरुद्ध गेलें. चौकशी मंडळानें त्यांस दोषी मानलें. ज्यानें दोनदां स्वतःच्या जिवावर उदार होऊन लस घेतली, त्याच्या हातून प्रयोगशाळा गेली, व १९०४ सालीं तो मनुष्य कलंक घेऊन इंग्लंडास परतला.

सत्य काय होतें? बाटली परळ येथें भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतु तेव्हांच आंत शिरले असते, तर इतक्या अवधींत वाढून त्यांची दुर्गंधि सुटली असती. परंतु उघडतेवेळीं तसा वास आला नव्हता. शिवाय मुलकोवाल येथें बाटली उघडण्याच्या वेळीं साहाय्यकाच्या हातांतून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करतां त्यानेंच बूच काढण्यांत आलें होतें. धनुर्वाताचें बीज मातींत असतें. ही हकीकत चौकशीच्या कागदांत असूनहि वर्षानुवर्षें दडून राहिली. पुढें कागद प्रसिद्ध झाले, तेव्हां रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या दहा शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून हाफकिन यांची निर्दोषता जगापुढें मांडली. सरकारनें त्यांस दोषमुक्त केलें. परंतु त्यास पांच वर्षें लागलीं.

या पांच वर्षांची किंमत एकट्या हाफकिन यांनीं दिली नाहीं. मुलकोवालच्या वार्तेनें पंजाबांतील लोकांचा लशीवरील विश्वास उडाला. १९०७ या एका वर्षांत त्या प्रांतांत सहा लाखांहून अधिक माणसें प्लेगनें मेलीं. एक चिमटा जमिनीवर पडला, आणि त्यामागून लोकांचा विश्वासहि पडला.

हाफकिन कलकत्त्यास परत आले, पण लस तयार करण्याचें काम त्यांस पुन्हां मिळालें नाहीं. १९१४ सालीं त्यांनीं हिंदुस्थानचा कायमचा निरोप घेतला. ते अविवाहित होते. उत्तरायुष्य त्यांनीं धर्मचिंतनांत घालविलें, आणि आपली संपत्ति यहुदी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते निवर्तले. त्यापूर्वीं १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें होतें. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या होत्या. १९६४ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीटहि काढलें.

विद्यार्थ्यांनो, या चरित्रांत तीन रोग आले आहेत व तिन्हींची वाट निराळी आहे. पटकी दूषित पाण्यानें व अन्नानें पसरते. प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवांमुळें होतो. धनुर्वात एका मनुष्यापासून दुसऱ्यास लागत नाहीं; तो मातींतून जखमेच्या वाटेनें शिरतो. म्हणून पाणी उकळणें, घरांत उंदरांस थारा न देणें व जखम झाल्यास ती धुवून डॉक्टरांकडे जाणें, हे तीन नियम प्रत्येकानें पाळावे. हाफकिन यांची जुनी लस आज वापरांत नाहीं, व प्लेगवर आतां गुणकारी औषधें आहेत. ज्या धनुर्वातानें त्यांस बदनाम केलें, त्यावरहि लस निघाली असून ती बालकांस लहानपणींच दिली जाते. पालकांनीं आपल्या मुलांच्या लशींची नोंद एकदां काढून पाहावी, अशी आमची विनंति आहे.

आमच्या शाळेंतून पुढें कोणी डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी औषधाच्या दुकानांत काम करतील. सर्वच हाफकिन होणार नाहींत. पण ज्याच्या हातीं तो चिमटा असेल, त्यानें तो जमिनीवर पडल्यास तसें कबूल करून पुन्हां शुद्ध करावा. आणि ज्याच्या हातीं न्याय असेल, त्यानें सर्व कागद पाहिल्यावांचून कोणास दोषी म्हणूं नये. एवढें झालें, तरी या चरित्राचें वाचन सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.