डार्विन आणि फॉकलंडचा कोल्हा

चार्ल्स डार्विनचे नाव निघाले की गालापागोस बेटांचे नाव पाठोपाठ येतेच. पाठ्यपुस्तकांनी ही जोडी इतकी पक्की करून टाकली आहे की, त्याआधी दोनदा, १८३३ आणि १८३४ सालच्या मार्च महिन्यांत, हा तरुण दक्षिण अटलांटिक महासागरातल्या फॉकलंड बेटांवर उतरला होता, हे सहसा कुणाच्या लक्षात नसते. मला मात्र त्याच्या चरित्रातला हाच भाग अधिक ओढ लावतो. तेथे त्याला एक कोल्हा भेटला.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर. आई आठव्या वर्षीच गेली. मुलाने आपला व्यवसाय पुढे चालवावा म्हणून वडिलांनी त्याला एडिंबरोला धाडले. पण भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातल्या शस्त्रक्रिया पाहून हा पळत सुटला. मग धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिज. तेथे धर्मशास्त्रापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात त्याचे मन अधिक रमले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्यामुळे ‘बीगल’ जहाजाबरोबर जाण्याची संधी चालून आली, तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. ते मन वळवले मामाने. (पुढे १८३९ मध्ये डार्विनने या मामाच्याच मुलीशी लग्न केले, आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटायचे कारण नाही.) २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. बोट लागण्याचा त्रास त्याला पाच वर्षे पुरला.

फॉकलंडमध्ये दोन मोठी बेटे आणि सातशेहून अधिक लहान बेटे आहेत. मूळचे झाड म्हणून एकही नाही. सतत घोंघावणारा वारा, तपकिरी गवत आणि खाली ओला, कुजट थर. तोच वाळवून जळणाला वापरायचा. ‘बीगल’ तेथे पोहोचले १ मार्च १८३३ रोजी. त्याच आठवड्यात कप्तान फिट्झरॉयचा कारकून बुडून मरण पावला. स्वतः मारलेले बदक आणायला तो पाण्यात उतरला आणि समुद्रशेवाळाच्या लांब दोऱ्यांत गुंतला. अशा जागी डार्विनला करमावे कसे? पहिल्या दर्शनी ती बेटे त्याला उदासच वाटली. पण हा माणूस उदास होऊन बसणाऱ्यांतला नव्हता. एका पेंग्विनच्या आणि समुद्राच्या मध्ये तो मुद्दाम उभा राहिला, आणि तो पक्षी त्याला रेटत, झुंजत पाण्यापर्यंत कसा गेला हे त्याने कौतुकाने टिपले. पेंग्विन पंखांचे वल्हे करून पाण्याखाली पोहतो, तेथले एक जड बदक पंख पाण्यावर आपटत पळते आणि मुख्य भूमीवरचा शहामृगासारखा पक्षी पंखांचे शीड करतो. न उडणाऱ्या पंखांचे हे तीन उपयोग त्याने शेजारी शेजारी मांडले. एका पांढऱ्या समुद्री गोगलगायीची अंडी त्याने मोजली, ती सहा लाखांच्या घरात भरली. तरीही ती गोगलगाय तेथे फारशी आढळत नव्हती. एवढी अंडी जातात कुठे, हा प्रश्न त्याच्या पुढच्या साऱ्या विचाराच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

आता कोल्हा. लांडग्यासारखा दिसणारा हा प्राणी, ‘वॉरा’, त्या बेटांवरचा एकमेव मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी होता. माणसाचे भय त्याला ठाऊकच नव्हते. १७६५ मध्ये आलेल्या खलाशांना भेटायला हे कोल्हे पाण्यात शिरले, आणि कुतूहलाला क्रौर्य समजून खलाशीच घाबरले. दक्षिण अमेरिकेतून आलेले गाउचो गुराखी एका हाताने मांसाचा तुकडा पुढे करीत आणि दुसऱ्या हाताने सुरी चालवीत. दुसऱ्या भेटीत डार्विन दोन गाउचो आणि सहा घोडे घेऊन पूर्व बेटावर चार दिवस हिंडला. गारा झेलल्या, गाय कातड्यासकट भाजून खाल्ली, जळण नव्हते तेव्हा मारलेल्या एका बैलाची हाडे पेटवली. या माणसांकडून त्याला कोल्ह्याची खबर मिळत होती. बेटाच्या त्या भागातून तो जवळजवळ नाहीसा झाला होता.

जहाजावर चार कोल्ह्यांची कातडी जमली. पूर्व बेटावरची तीन मोठी आणि काळसर, पश्चिमेचे एक लहान, तांबूस. पुढे १८३६ साली, परतीच्या वाटेवर गालापागोसच्या पक्ष्यांची टिपणे लिहिताना, बेटागणिक वेगळ्या दिसणाऱ्या त्या पक्ष्यांना जोड म्हणून त्याला आठवला तो हाच कोल्हा. हे खरे ठरले तर जीवजाती कायम राहतात या समजुतीला तडा जाईल, असे त्याने तेथे नोंदवले. लंडनच्या संग्रहालयातल्या जाणकारांना त्या कातड्यांत महत्त्वाचा फरक दिसला नाही. पण शंका मनात शिरली होती. तिला ग्रंथरूप यायला १८५९ उजाडले.

चरित्रकार सहसा घाईने ओलांडतात तो प्रसंगही सांगितला पाहिजे. १८३४ च्याच डिसेंबरात, चिलीच्या चिलोए द्वीपसमूहात, एक दुर्मीळ कोल्हा मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे टक लावून पाहत होता. डार्विन हळूच मागून गेला आणि दगड फोडण्याच्या हातोड्याने त्याने त्याला ठार केले. फॉकलंडच्या कोल्ह्याचा विश्वास त्याचा घात करणार हे ज्याला कळले होते, त्याच हाताने हे केले. नमुने गोळा करण्याची ती रीतच होती, हे खरे. तरी मला तो हातोडा खटकतो.

१८३९ च्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवले की, बेटांवर वस्ती वाढली की हा प्राणी डोडोच्या वाटेने जाईल. कातडी विकणारे आले, पाठोपाठ मेंढपाळ आले, त्यांनी विष घातले. शेवटचा ज्ञात वॉरा १८७६ साली पश्चिम बेटावर मारला गेला. त्याच वर्षी डार्विन डाउन गावच्या घरी मुलांसाठी आत्मचरित्र लिहीत होता. १९ एप्रिल १८८२ रोजी तो वारला.

आज पर्यटक बोटीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पेंग्विन पाहत हिंडतात. पूर्व बेटावर जेथे डार्विनने एक रात्र काढली, त्या भागातल्या वस्तीला त्याचेच नाव आहे. वॉरा मात्र तेथल्या पन्नास पेन्सच्या नाण्यावर उभा आहे.