विश्लेषण : पदवी नाही, नोकरी गेली, तरी पक्ष्यांची नोंद सुटली नाही, डॉ. सलीम अली आणि मराठवाड्याचा संबंध काय?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. सलीम अली मुंबईचे. मग सोनपेठ-परभणीकडच्या वाचकाशी त्यांचा संबंध काय? परभणी जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, त्या काळात याच राज्यातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अलींनी केली होती. पक्षी नुसते पाहून भागत नाही, पाहिलेले लिहून ठेवावे लागते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

पक्ष्यांचे वेड कुठून लागले?

सलीम अलींचा जन्म १८९६ मधला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मुंबईतील खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी या भावंडांना वाढवले. घरात शिकारीची आवड होती. लहानग्या सलीमने एकदा छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून जतन केलेले पक्ष्यांचे नमुनेही दाखवले. शिकारी व्हायला निघालेला मुलगा तिथून अभ्यासाकडे वळला. पुढे १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ही चिमणी आहे.

पदवी नसताना शास्त्रज्ञ कसे झाले?

मॅट्रिकनंतर कॉलेजात मन रमले नाही. कुटुंबाच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशातील तवाय येथे गेले. तिथल्या जंगलात पक्षी पाहण्यातच त्यांचा वेळ जाई. १९१७ मध्ये परतल्यावर मुंबईत प्राणिशास्त्राचे धडे घेतले, पण विद्यापीठाची पदवी हाती आली नाही. त्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यातील नोकरी हुकली. नावापुढचे डॉक्टर हे नंतर मिळालेल्या मानद पदव्यांमुळे लागले.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या नामवंत पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत आले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती.

सुगरणीचे कोणते गुपित उलगडले?

नोकरी गेल्यावर सलीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात रोज तासन्‌तास बसून त्यांनी तिच्या नोंदी केल्या.

आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले खोपे सगळ्यांनी पाहिलेले असतात. नाव सुगरण असले, तरी खोपा विणतो तो नर. खोपा अर्धा झाला की माद्या येऊन तो तपासतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते, मग नर खोपा पूर्ण करतो. मादी अंडी उबवायला बसली की तोच नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. एका नराचे असे एकामागून एक संसार होतात, ही गोष्ट सलीम अलींनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून समोर आली. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही; वही, दुर्बीण आणि चिकाटी पुरली.

निजामाच्या राज्यात त्यांनी काय केले?

पगार नव्हता, तेव्हा सलीम अलींनी एक वाट काढली. संस्थानांनी फक्त तळ, प्रवास आणि मदतनिसांचा खर्च उचलावा, आपण मेहनताना न घेता पक्ष्यांची पाहणी करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्यातूनच १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता.

कामाची पद्धत ठरलेली असे. एका ठिकाणी तंबू ठोकायचा, पहाटेपासून फिरायचे, नमुन्यासाठी काही पक्षी मारून त्यांची कातडी जतन करायची आणि प्रत्येकाला जागा, तारीख, नर की मादी, पोटात काय सापडले, वीण चालू आहे का, या माहितीची चिठ्ठी बांधायची. पक्षी मारणे आज खटकेल, पण त्या काळी खात्रीची ओळख पटवण्याचा तोच मार्ग होता. सलीम अलींचा खरा ओढा मात्र जिवंत पक्ष्याच्या वागण्याकडे होता. तेहमिना अनेक मोहिमांत त्यांच्यासोबत तंबूत राहिल्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. या धक्क्यानंतर सलीम अलींनी स्वतःला कामातच गुंतवून घेतले.

तलाव आणि सदाहरित जंगलात काय हाती लागले?

हैदराबादनंतर १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन, म्हणजे आजच्या केरळची पाहणी झाली. आपल्या माळरानावर पक्षी लांबूनही दिसतो. तिथल्या घनदाट पर्जन्यवनात तो आधी ऐकू येतो, दिसतो मागाहून. धनेशासारख्या पक्ष्याला ढोलीसाठी जुनी मोठी झाडे लागतात. १८९५ मध्ये धरण बांधल्यावर तयार झालेला पेरियार तलाव आणि नदीकाठचे थट्टेकाड हे या पाहणीतील महत्त्वाचे टप्पे होते. थट्टेकाड ही पक्ष्यांच्या दृष्टीने द्वीपकल्पातील अतिशय समृद्ध जागा असल्याचे त्यांनी नोंदवले. १९८३ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या नोंदींचे मोल खरे कळले ते ७५ वर्षांनी. २००९ मध्ये केरळमधील अभ्यासकांनी सलीम अलींच्या तळांच्या जागी जाऊन पुन्हा पाहणी केली. जुनी वही होती, म्हणूनच कोणते पक्षी टिकले आणि कोणते दिसेनासे झाले, याची तुलना करता आली.

त्यांचे काय चुकले?

राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. ही जागा वाचावी म्हणून सलीम अलींनी पुढे खूप धडपड केली. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. सलीम अली या बंदीच्या बाजूचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबारात माणसांचे प्राण गेले.

मात्र नंतर त्यांच्याच संस्थेच्या दीर्घ अभ्यासात उलटे चित्र दिसले. म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यातले गवत माजले, मोकळे पाणी आटोपले आणि पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. एवढ्या मोठ्या तज्ज्ञाचा अंदाजही चुकू शकतो. ती चूकही उघड झाली ती वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळेच.

सोनपेठच्या वाचकासाठी यात काय आहे?

१९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवले. अमेरिकी अभ्यासक डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले १० खंड १९६८ ते १९७४ दरम्यान आले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. छत्रपती संभाजीनगरातील सलीम अली सरोवर आज त्यांची आठवण देते.

सोनपेठ तालुक्याला गोदावरीचा काठ आहे, खडका बंधाऱ्याचे पाणी आहे. वरच्या बाजूला पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. पण खालच्या गावांतल्या काठांवर किती पक्षी येतात, हे तिथल्याच माणसांना टिपावे लागेल. बंधाऱ्यात पाणी कमी-जास्त होते, काठचे झाड तुटते, वाळू उपसली जाते. त्याने पक्षी घटले की वाढले, हे आधीची नोंद असेल तरच सांगता येते.

त्यासाठी मोठा खर्च नाही. एक जागा ठरवा, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी अर्धा तास थांबा. तारीख, वेळ, पक्षी, अंदाजे संख्या आणि तो काय करत होता, एवढे वहीत किंवा ईबर्डसारख्या मोफत ॲपवर लिहा. नाव कळले नाही, तर रंग, आकार, चोच लिहा. सलीम अलींनाही त्या पहिल्या चिमणीचे नाव माहीत नव्हते.