विश्लेषण : बुबुळाच्या जखमेवरील थेंब आणि अश्रू गोळा करणारा शास्त्रज्ञ, कोण होते अलेक्झांडर फ्लेमिंग?

वैराग परिसरात रब्बी ज्वारीची काढणी सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जाणे ठरलेलेच. बहुतेक वेळा ते पाण्याने निघून जाते. पण बुबुळावर ओरखडा उठला आणि त्यातून जिवाणू आत शिरले, तर एक-दोन दिवसांतच पांढरा व्रण दिसू लागतो. उपचार लांबले तर तिथे कायमचे फूल पडते, नजरही जाऊ शकते. अशा डोळ्यात आज प्रतिजैविकाचे थेंब घालतात. या औषधांच्या इतिहासात पहिले नाव येते ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे. तेही शेतकऱ्याचेच पोर.

अश्रूंचा काय संबंध?

६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतावर त्यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडील वारले. तेराव्या वर्षी ते लंडनला आले आणि पुढे जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशाचे थोडे पैसे मिळाले तेव्हा कुठे सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी एक विचित्र गोष्ट पाहिली. खोल जखमेत ओतलेली जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या पेशींनाच जास्त मारत होती. जंतूंना मारेल पण माणसाला अपाय करणार नाही, असे काही सापडेल का, हा ध्यास तिथून लागला.

१९२२ मध्ये त्यांनी लायसोझाइम हे द्रव्य जगापुढे मांडले. ते अश्रूंत भरपूर असते. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून फ्लेमिंग सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत; प्रयोगशाळेतील नोकरांना तर रडण्याचे पैसे मिळत! मात्र हे द्रव्य निरुपद्रवी जंतूंनाच सहज मारी, घातक जंतू त्याला दाद देत नसत.

थेंबाचा पहिला गुण कुणाला?

सप्टेंबर १९२८ मध्ये त्यांच्या एका बशीत बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले. हेच पेनिसिलिन. दोन वर्षांनी शेफिल्डमधील डॉक्टर सेसिल पेन यांनी ती बुरशी मिळवून तिचा अर्क रुग्णांवर वापरला. डोळ्यांत संसर्ग झालेली तान्ही बाळे बरी झाली. एका कोळसा खाणीच्या व्यवस्थापकाच्या डोळ्यात दगडाची कपची घुसून संसर्ग झाला होता. अर्काने डोळा धुतल्यावर संसर्ग हटला, कपची काढता आली आणि नजर वाचली. आश्चर्य म्हणजे पेन यांनी यातले काहीच प्रसिद्ध केले नाही. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलिनला औषधाचे रूप देईपर्यंत आणखी दहा वर्षे गेली. तिघांना १९४५ चे नोबेल मिळाले.

थेंबच का, आणि किती?

बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे पोटात घेतलेली गोळी तिथे फारशी पोहोचत नाही, थेंब थेट पोहोचतो. आज मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा सेफाझोलिन-टोब्रामायसिनसारखी औषधे सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा घालावी लागतात. शेतातल्या काडीने झालेला व्रण आपल्याकडे पुष्कळदा बुरशीचाही असतो. तिथे हे थेंब चालत नाहीत, म्हणून डॉक्टर व्रण खरवडून तपासायला पाठवतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली ओसरते, पण व्रण आत वाढत राहतो.

नोबेल स्वीकारल्यानंतरच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी सावध केले होते, की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. लाली गेली म्हणून दुसऱ्याच दिवशी थेंब बंद करणाऱ्यालाही हे लागू पडते.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले.