जमीन, पाणी आणि माणूस : अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेताच नागपूरकरांना संविधान आणि दीक्षाभूमी यांचे स्मरण होते. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मक्रांतीच्या या नगरीत ते स्वाभाविकच आहे. तथापि इतिहास शिकविताना आम्हांस जाणवते की, बाबासाहेब प्रथम अर्थशास्त्रज्ञ होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना ओझरतेच ठाऊक असते. म्हणून त्यांच्या जीवनाची ही बाजू येथे मांडीत आहोत.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी 1923 साली त्यांना लंडनची डी.एस्सी. पदवी मिळाली.

1918 साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे त्या काळी अनेकांना वाटे. बाबासाहेबांनी मूळ रोग दाखविला. शेत लहान की मोठे, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारे भांडवल, अवजारे व श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. शेतीवर अतिरिक्त माणसांचा भार आहे. त्यांना उद्योगांत काम मिळाले, तरच शेतीही सावरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा विचार ग्रंथात बंदिस्त राहिला नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्यावरील समान हक्क बजावला. 1937 साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. जुलै 1942 मध्ये आमच्या नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्रिपद त्यांच्याकडे आले.

पाटबंधारे व वीज हे विषयही याच खात्याकडे होते. 1943 साली दामोदर नदीच्या महापुराने बंगालमध्ये हाहाकार उडविला. नदीला बांध घालून पूर अडवावा, ही जुनी रीत होती. बाबासाहेबांनी पाणी हे संकट न मानता संपत्ती मानले. पाणी साठवावे आणि त्याच साठ्यातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक साधावी, असे धोरण त्यांनी पुढे नेले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा अनुभव त्यासाठी आधाराला घेतला. 1945 साली कलकत्ता व कटक येथील परिषदांत त्यांनी दामोदर व ओरिसातील नद्यांचा प्रश्न प्रांतांच्या सीमांपलीकडे नेऊन संपूर्ण खोऱ्याचा म्हणून मांडला. 1948 साली दामोदर खोरे महामंडळ कायद्याने अस्तित्वात आले, तेव्हा बाबासाहेब त्या खात्यात नव्हते.

1947 साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या मालकीची असावी आणि जमीन जातिभेद न पाळता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसावयास द्यावी, असे सुचविले. ही योजना संविधानात आली नाही. राजकीय समता आणि आर्थिक विषमता एकत्र नांदल्या तर लोकशाहीच धोक्यात येईल, हा इशारा त्यांनी नोव्हेंबर 1949 मध्ये दिला.

पुढील इतिहासही निःपक्षपातीपणे पाहिला पाहिजे. दामोदरच्या मूळ आराखड्यातील काही धरणे झालीच नाहीत. जी झाली, त्यांत अनेक आदिवासींची घरे-शेते बुडाली. आमच्या विदर्भातही 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाने गावे उठविली आणि कालव्यांच्या पाण्यासाठी शेतकऱ्याला दशकानुदशके वाट पाहावी लागली. धरण बांधले म्हणजे विकास झाला, असे बाबासाहेबांचे अर्थशास्त्र सांगत नाही. पाणी कोणाच्या शेतात गेले, वीज कोणाच्या घरी पोहोचली आणि जमीन कोणाची गेली, हे प्रश्न ते विचारावयास लावते. नैसर्गिक संपत्ती पुढील पिढ्यांना पुरावयाची असेल, तर आजच्या पिढीतील शेवटच्या माणसाला तिच्यात वाटा हवा.

आमच्या वसतिगृहातील कित्येक मुले भूमिहीन मजुरांच्या घरांतून येतात. त्यांच्यापैकी काहींनी अर्थशास्त्र, अभियांत्रिकी व जलव्यवस्थापन यांकडे वळावे आणि हे अपुरे राहिलेले कार्य हाती घ्यावे, हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली ठरेल, असे आम्ही मानतो.

जय भीम!